पत्ता चुकलेलं पार्सल

१५ जुलै २००८
दुकानाच्या मेलवर आज एका परदेशी कुरियर कंपनीची मेल आली. एक जुलैला निघालेलं पार्सल पोचवता आलं नाही, कारण घेणाऱ्याचा पत्ता चुकीचा आहे. सोबतचं लेबल छापून आमच्या ऑफिसात आणा आणि पार्सल घेऊन जा. खाली कुणाचं नाव नाही. वर 'प्रिय ग्राहक'.

आता हा प्रिय ग्राहक कोण, ते मला कसं कळावं? नांद्यात आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर ज्याला म्हणून मेलचा पत्ता लागतो, तो माझ्या नेट-झेरॉक्सचा देतो. नोकरीचे अर्ज, कॉलेजचे प्रवेश, लग्नाची स्थळं, सगळं एकाच खात्यात येतं. मी वाचते, छापते आणि ज्याचं त्याला देते. मनीष याला सार्वजनिक नळ म्हणतो. त्याचं काय जातंय, हिंजवडीच्या गार ऑफिसात बसून नवऱ्याला बायकोच्या धंद्याची चेष्टा करायला.

लेबलची फाईल उघडली. काहीच दिसलं नाही. पुन्हा उघडली. प्रिंटर ढिम्म. मशीन जुनं झालंय.

पत्ता चुकल्याचं मात्र मला जराही नवल वाटलं नाही. परभणी सोडून इथे आल्यापासून बरोबर पत्त्याचं पार्सल मी पाहिलेलंच नाही. 'मु. नांदे, ता. मुळशी' एवढ्यावर कुरियरवाला पिरंगुटच्या पुढे सरकत नाही. तिथल्या पानटपरीवर ठेवतो आणि मनात आलं तर फोन करतो.

बाहेरच्या फळ्यावर लिहून टाकलं : 'पार्सल अडकले आहे. पत्ता चुकला आहे. ज्यांचे असेल त्यांनी भेटावे.'

१७ जुलै
फळ्याचा उपयोग झाला. फारच झाला.

पहिले हैबतराव आले. टीव्हीवर बघून त्यांनी पोट कमी करायचा पट्टा मागवलाय, तो हाच. मग रत्नाबाई. त्यांचा भाचा मस्कतला असतो, त्याने अत्तर पाठवलं असणार. तो लहानपणापासून विसरभोळा, पत्ता चुकवायचाच. त्यांच्यामागोमाग आणखी तिघं-चौघं. आत काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक, कुणी पाठवलं तेही ठाऊक, आणि पत्ता का चुकला याचं कारणही तयार. एका पार्सलाला इतके मालक, आणि पार्सल कुणी पाहिलेलं नाही.

सगळ्यांना सांगितलं, लेबल छापलं की बघू. लेबल काही छापत नाही.

१८ जुलै
आज तानूबाई आली. तिला वाचता येत नाही. फळ्यावरचं कुणीतरी सांगितलं असणार.

तानूबाई आणि गेणू मेंढरंवाले. गेल्या वर्षापर्यंत आमच्या सोसायटीच्या मागच्या माळावर त्यांची वस्ती होती. माळ बिल्डरला गेला, तशी ते मेंढरं हाकत कासारसाईच्या धरणाकडे सरकले. त्यांचा मुलगा जालिंदर. दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून निघून गेला. त्याला पिरंगुटच्या कारखान्यात चिकटायचं होतं, आणि गेणूला तो मेंढरांमागे हवा होता. कारखान्याच्या अर्जासाठी त्याचं स्वतःचं मेल खातं मीच उघडून दिलं होतं. उत्तर यायच्या आधीच तो गेला. मोरबीकडे फरशीच्या कारखान्यात आहे, असं कुणी कुणी सांगतं. तानूबाईच्या सांगण्यावरून मी त्याला दोनदा मेल केली होती. 'घरी ये, आई वाट बघते.' उत्तर आलं नाही. पुढे रस्तारुंदीत दुकानाची फोनची तार तुटली आणि नंबरही बदलला.

आल्या आल्या म्हणाली, "त्याचंच हाय."

कशावरून, मी विचारलं.

"पत्ता चुकलाय म्हनतीस ना? मग त्याचंच. आमी कुटं गेलो ते त्याला काय ठावं? दुसऱ्या कुनी धाडलं आसतं तर पत्ता बरूबर लिवला आसता."

खरं तर इतरांपेक्षा तिचंच म्हणणं जास्त पटलं. लेबल छापलं की पहिल्यांदा तुम्हालाच कळवते, असं सांगून बसले. ती पदराने तोंड पुसत गेली. बाहेर रस्त्याच्या कडेला गेणू शेळ्या धरून उभा होता. तो दुकानात येत नाही.

२१ जुलै
आणखी दोन मेल. मजकूर तोच, कंपनीचं नाव वेगळं, तारीख वेगळी. वर पुन्हा 'प्रिय ग्राहक'. म्हणजे एक तर गावाची तीन पार्सलं अडकली आहेत किंवा एकही नाही.

पिरंगुटच्या कुरियर ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "आमी मेल कशाला करू ताई? आलं की टपरीवर ठिवतो." परदेशी कंपनीचं ऑफिस इथे कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्याने ते नावच ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी मनीषला दाखवलं. त्याने एक नजर टाकली आणि खुर्ची मागे सारली. ही सगळी लबाडी आहे म्हणे. अशा मेल लाखांनी पाठवतात. लेबल म्हणून जोडलेल्या फाईलमध्ये व्हायरस असतो. मग त्याने पोरीला शिकवावं तसं शिकवलं. तुझं नाव लिहिलंय का? नाही. पार्सलाचा नंबर? आहे, पण कंपनीच्या साइटवर टाकला तर असा नंबरच नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता बघ, कंपनीचा आहे का? नाही, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखा. आणि घरी पार्सल द्यायला कुणी फाईल उघडायला लावतं का?

सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट अवघड नव्हती. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचा राग आला.

फाईल कुणी उघडली, असं त्याने विचारलं. गिऱ्हाइकाने, म्हणाले.

२३ जुलै
दुकानाच्या खात्यातून गावभर मेल सुटल्या आहेत. गावभर काय, जगभर. पत्त्यांच्या यादीत जो जो होता त्याला माझ्या नावाने एकेक मेल गेली : तुमचं पार्सल पोचलं नाही, पत्ता चुकलाय, सोबतचं लेबल छापा. परभणीहून भावाचा फोन आला की काय पाठवलंस. कॉलेजच्या प्राचार्यांचा आला. शेवटी मनीषच्या साहेबांचाही आला, आणि तो मनीषला आला.

रात्री भाजीत मीठ नव्हतं, तरी मनीषने ती मुकाट्याने संपवली.

२६ जुलै
कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. फळाही पुसला आणि लिहिलं : 'पार्सलची मेल खोटी होती. कुणाचेही पार्सल आलेले नाही.'

लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. हैबतरावांचा पट्टा दरम्यान टपरीवर आलाच होता, तोही कमरेला पुरत नाही. रत्नाबाई म्हणाल्या की भाचा तसाही चिकटच आहे.

तानूबाई दुपारी आली. तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. लबाड लोक असतात, ते न बघता हजारो जणांना पाठवतात, त्यात कुणाचंच नाव नसतं. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हंजी त्यानं न्हाई धाडलं."

नाही, म्हणाले.

"मग कुनी धाडलं?"

कुणीच नाही मावशी, पार्सलच नाही.

"पार्सलच न्हाई, तर पत्ता चुकला ते त्यास्नी कसं कळलं?"

पुन्हा पहिल्यापासून समजावलं. या खेपेला आवाज थोडा चढला असावा, कारण झेरॉक्ससाठी थांबलेली मुलगी वळून बघायला लागली. तानूबाई उठली आणि आल्या वाटेने गेली. मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं. तरी दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

४ ऑगस्ट
मनीषचं म्हणणं, जुनं खातं बंद कर. ते आता लबाडांच्या यादीत गेलंय, कचरा थांबायचा नाही. नवं खातं फक्त दुकानासाठी ठेव आणि गावातल्या लोकांना ज्याचं त्याचं उघडून दे. अगदी बरोबर आहे. सकाळपासून तेच करतेय. हैबतरावांनी पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव दिलं आणि ते चारचौघांत मोठ्याने सांगितलं.

तानूबाई आली होती. चाललेला घोळ बघून तिने विचारलं काय चाललंय. सांगितलं, जुना पत्ता मोडून नवा करतोय.

"जालिंद्राला नवा ठावं हाय का?"

नाही.

"मग त्यानं कुटं लिवायचं?"

वस्ती हलली, फोनचा नंबर बदलला. इथला म्हणून त्याला ठाऊक असलेला एकच पत्ता उरलाय, तो हा जुना मेलचा. हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं. पण दोन वर्षांत ज्याने एक ओळ लिहिली नाही, त्याच्यासाठी व्हायरसचं घर उघडं ठेवायचं म्हणजे कहर झाला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आल्यावर मनीषने विचारलं, जुनं खातं बंद केलंस ना? हो म्हणाले.

केलेलं नाही. एक-दोघांच्या अर्जांची उत्तरं अजून तिथे येऊ शकतात.

२ सप्टेंबर
रोज सकाळी दुकान उघडलं की आधी जुन्या खात्यातला कचरा उपसते. निम्म्या मेल पार्सलच्या. कुठलीही फाईल उघडत नाही, वरची ओळ वाचते आणि पुसते. आता वाचायचीही गरज पडत नाही. दारातून माणूस आला की उधारीवाला कोण ते कळतं, तसं कळतं.

तानूबाई पिरंगुटच्या बाजाराला जाता येता डोकावते. मागे उभी राहून पडद्याकडे बघते. तिचा एकच प्रश्न असतो, "नाव हाय का?"

नाही.

"मग पुस."

मी पुसते. पुसल्यावर ती निघते. आम्हा दोघींचं हे काम फार शिस्तीत चालतं. परवा ती आली नाही तर मी उगाचच कचरा दुपारपर्यंत तसाच ठेवला होता.

१० सप्टेंबर
आज भावाच्या खात्यावरून मेल आली. खाली त्याचं पूर्ण नाव. आत तेच, पार्सल आणि लेबल. आमच्याच मशीनने त्याला दिलेली कीड तो आता आम्हाला परत करतोय.

तानूबाई नेमकी मागे उभी होती. ओळखीचं नाव आहे म्हटल्यावर पुढे आली. सांगितलं की नाव खरं आहे, पण त्याने लिहिलेलं नाही.

"नाव बी खोटं आसतंय?"

असतं, म्हणाले. नाव असलं तरी विश्वास ठेवायचा नाही.

तिने हे पटकन ऐकलं. इतक्या पटकन ऐकायला नको होतं, असं मला का वाटलं कोण जाणे.

२२ सप्टेंबर
पाऊस नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, तानूबाई बराच वेळ बसली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरणार, ते थेट उन्हाळा संपताना वर येणार. तोवर इकडे फिरकणं होणार नाही.

मी सहज म्हणाले, तुमच्या शेळ्या रस्त्यावरून गेल्या तरी आवाज येत नाही, पूर्वी म्होरक्या बोकडाची घंटी कशी लांबून ऐकू यायची. तर म्हणाली, ती चोरीला गेली. गेणूच्या बापाच्या वेळची पितळेची घंटी. जालिंदर गेला त्याच आठवड्यात. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी नेली, असं गेणू सगळ्यांना सांगतो. तेव्हापासून त्याने बोकडाच्या गळ्यात दुसरी बांधू दिली नाही, आणि पोराचं नावही घेत नाही.

पिरंगुटला बाजारात छान घंट्या मिळतात, असं मी सांगितलं. बाहेर गेणू नेहमीसारखा पाठ करून उभा होता.

१६ ऑक्टोबर
मनीषला जुनं खातं उघडं दिसलं. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "हेमलता, तू लोकांना सांगतेस एक आणि स्वतः करतेस भलतंच." हे लागलं, कारण खरं आहे. येत्या सोमवारी बंद करते, असा शब्द दिला.

२० ऑक्टोबर
आज बंद करायचं म्हणून शेवटचा कचरा उपसायला बसले. नेहमीच्या मेल संपल्यावर स्पॅमचा कप्पा उघडला. मनीषने नव्या खात्यांची शिकवणी दिली तेव्हा हा कप्पा दाखवला होता. जुन्या खात्यातला मी कधी बघितला नव्हता. सगळ्या ओळींवर खूण केली आणि पुसण्याचं बटण दाबणार, तेवढ्यात एका ओळीपाशी नाव दिसलं. जालिंदर.

विषय तोच, पार्सल. आधी वाटलं, याच्या खात्यालाही कीड लागली. पण फाईल जोडलेली नव्हती. उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं, सगळं लहान लिपीत, एका दमात :

'मॅडम मी जालिंदर. आईने पार्सल पाठवलं होतं का. पत्ता चुकला म्हणून पोचलं नाही असं तुमच्या दुकानाचं आलंय. आईला माझा पत्ता माहीत नाही म्हणून चुकला असणार. नवीन पत्ता खाली लिहिलाय. काय पाठवलं होतं. लेबल उघडत नाही. घंटी माझ्याकडेच आहे पण बाबांना सांगू नका. ते आता कुठे राहतात.'

खाली मोरबीचा पत्ता, गल्लीसकट, पिनकोडसकट.

मी त्याला दोनदा खरं लिहिलं होतं, घरी ये म्हणून. त्याला उत्तर नाही. आणि मी मूर्खासारखी फाईल उघडली म्हणून जी थाप त्याच्याकडे गेली, तिला उत्तर. आईसारखाच हिशेब त्याचा. पत्ता चुकलाय म्हणजे घरचंच.

हसू आलं. मग रडू आलं, आणि ते थांबेना. शटर अर्धं खाली ओढून बसले.

खातं बंद केलं नाही. मनीषला फोन करून तसं सांगितलं, कारणही सांगितलं. तो म्हणाला, राहू दे. फाईल कुणी उघडली होती तेही सांगितलं. ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

२३ ऑक्टोबर
तीन दिवस वाट बघितली. आज बाजाराच्या वाटेवर दोघं दिसले, तशी मी स्वतः रस्त्यावर जाऊन हाक मारली. तानूबाई आत आली. गेणू पहिल्यांदाच पायरी चढला, पण उंबऱ्यावरच थांबला.

जालिंदरची मेल आलीय, मी म्हणाले.

तानूबाईचा चेहरा हलला नाही. "फाईल हाय का?"

नाही.

"नाव?"

आहे.

"नाव बी खोटं आसतंय. तूच सांगितलं हुतं."

मी वाचून दाखवलं. पार्सलचं वाचलं, पत्ता चुकल्याचं वाचलं, ते आता कुठे राहतात हेही वाचलं. घंटीची ओळ आली आणि थांबले. 'बाबांना सांगू नका', आणि बाबा चार हातांवर उभे. ती ओळ गाळून खालचा पत्ता वाचला.

तानूबाईने मान हलवली. "आईनं पार्सल, पत्ता चुकला. समदं त्येच हाय." आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "ह्या लबाडांस्नी काय कामं न्हाईत का दुसरी? पुस."

लबाड नाहीत, मावशी, तोच आहे, मी म्हणाले. पण कशावरून ते सांगता येईना. गेले तीन महिने तिला जे जे शिकवलं ते सगळं तिने मलाच परत केलं होतं. मी तशीच बसले, माउसवर हात ठेवून.

"एवढंच लिवलंय?" उंबऱ्यावरून गेणूने विचारलं.

एवढंच, म्हणाले.

पायरीकडे बघत तो म्हणाला, "घंटीचं काय न्हाई लिवलं?"

तानूबाई वळली आणि नवऱ्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं रस्त्याच्या मजुरांना चोर ठरवणारा हा माणूस. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

मग मी ती ओळ वाचली. 'घंटी माझ्याकडेच आहे पण बाबांना सांगू नका', पूर्ण वाचली. तानूबाई बाकावर खाली बसली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता रडत होती. गेणूने चपला काढल्या, आत आला आणि माझ्या खुर्चीशेजारी उभा राहून पडद्यावर बघायला लागला, जणू त्याला वाचता येतंय.

"त्याला आमचा पत्ता लिवा," तो म्हणाला.

त्याने सांगितला आणि मी लिहीत गेले. नांद्यावरून कासारसाईचा रस्ता, धरणाची भिंत दिसली की डाव्या अंगाची पायवाट, तिथून ओढा, ओढ्यापल्याड आंब्याचं एकटं झाड, झाडाखाली विचारायचं. इतका लांब पत्ता मी कधी लिहिला नाही. त्यात ना घरनंबर, ना पिनकोड. कुठलाही कुरियरवाला तिथे पोचायचा नाही, म्हणून मी म्हणाले, खाली माझ्या दुकानाचाही पत्ता घालू का, घंटी तो इथे पाठवील.

"धाडू नगं म्हनावं," गेणू म्हणाला. "घिऊन यी म्हनावं."

तेवढं लिहिलं आणि पाठवून दिलं.